गप्प बसायची पदवी

वाळवंटातली धूळ घेऊन येणाऱ्या खमासीनच्या वाऱ्यानं तांता शहराची सकाळ पिवळी करून टाकली होती. तोंडाला फडकं बांधून वहीबा भट्टीपुढं बसली होती, तापल्या वाळूत हरभरे हलवत. नवरा गेल्यापासून भट्टी तिचीच. माणसाच्या हातून काय निपजतं यावर ती त्याची किंमत करायची, आणि त्या हिशेबात पोटची पोर रिहाब अगदीच फोल निघाली होती. फार्मसीला मार्क कमी पडले म्हणून ती विद्यापीठात मानसशास्त्र शिकत होती.

"काय शिकवतात गं तिथं?" गिऱ्हाईक विचारायचं.

"लोकांच्या घरात नाक खुपसायला. साध्या स्वप्नाचा अर्थ सांग म्हटलं, तर म्हणे ते आमच्यात येत नाही."

धाकट्या भावासाठी मात्र तिचा जीव तुटायचा. बायकोच्या मौतीचा चाळिसावा दिवस उलटला तरी झकरिया धड खात नव्हता, बोलत नव्हता. रोज येऊन भट्टीशेजारच्या बाकावर बसायचा. हा असाच वाळून मरणार, ही धास्ती. तिनं मशिदीतल्या शेखचं मंतरलेलं पाणी पाजलं, अंगात ताकद यावी म्हणून कबुतर शिजवलं, शिव्याही घातल्या. येणारा-जाणारा म्हणे, "अल्लाह तिच्यावर दया करो, सोन्यासारखी होती." गेलेल्याचं चांगलंच बोलायचं, ही रीत.

आज रिहाब मामाशेजारी येऊन बसली. बराच वेळ नुसतीच.

"तीन वर्षं घालवून गप्प बसायला शिकलीस होय?" वहीबा म्हणाली. "आपल्या म्हशीला ते न शिकता येतंय."

रिहाबनं आईकडं बघितलंच नाही. हळूच म्हणाली, "मामा, मामी कशावरून भांडायची?"

वहीबा गारच पडली. मेल्या बाईचं उणं काढतेय कार्टी. ती तोंड उघडणार, तोच झकरिया बोलला.

"घोरण्यावरून. त्या रात्री म्हणाली, बाहेर जाऊन झोप. गेलो रागानं. सकाळी बघतो तर संपलेली. सगळे सोन्यासारखी, सोन्यासारखी म्हणतात. मी तिच्यावर चिडून झोपलो, हे कुणाला सांगू?"

मग तो नाक गळेस्तोवर रडला. रिहाबनं समजूत घातली नाही, ती उठूनही गेली नाही. कितीतरी वेळानं त्यानं बहिणीनं सकाळीच पुढ्यात ठेवलेली उसळ ओढली, भाकरी बुडवून खाल्ली. दुसरीही मागितली.

"एवढंच?" वहीबा लेकीवर खेकसली. "एवढं तर मीही विचारलं असतं."

"मग विचारलं का नाहीस, आई?"

"मला लाज आहे म्हणून."

भावापुढं दुसरी भाकरी आपटून ती वळली, आणि हरभऱ्यांची पुढची पायली वाळूत ओतली.