हरभऱ्याची आंब

मी तुळजापूरची, पुजाऱ्यांच्या घरात वाढलेली. आमच्या माहेरी भाजी तीन पाण्यांत धुतल्याशिवाय विळीवर यायची नाही. धुतलेली भाजी चुकून कुणी उंबऱ्यावर टेकवली, की आई ती चौथ्यांदा धुवायची. लग्न होऊन जळकोटला आले ती हीच सवय घेऊन. "मास्तरीणबाई, मीठ बी धुऊनच घेता का वो?" असं शेजारच्या काकू सगळ्या बायकांसमोर विचारायच्या. मी शाळेत शिकवते म्हणून गावात मला मास्तरीणबाई म्हणतात. माझ्या नाकावर राग असतो हेही गावाला ठाऊक आहे, त्यामुळं अशी थट्टा माझ्या तोंडावर करायची हिंमत फक्त काकूंची.

घरात आम्ही तिघंच. नवरा तुळजापूरला कारकून आहे, सकाळच्या गाडीनं जातो तो दिवेलागणीला येतो. आणि सासरे. त्यांना मी मामा म्हणते, नवरा आबा म्हणतो. सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली. मामा सत्तरी ओलांडलेले, पण खाण्याच्या बाबतीत असे चोखंदळ की विचारू नका. बाजारातून आणलेली मेथी ताटात पडली की पहिला घास घेतानाच म्हणायचे, "ही इकतची दिसती. पाणी प्यायलेली हाय, चव कुठली असणार तिला?" एवढ्या कष्टानं निवडलेली भाजी! अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या. पण त्यांचं बरोबर असायचं, हेही कबूल करते.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांना ताप आला. आठ दिवसांनी उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. सुरुवातीला आम्ही फारसं मनावर घेतलं नाही. तापानंतर तोंड कडू होतंच की. पण दसरा गेला, दिवाळी गेली, तरी ते ताटाकडं बघून म्हणायचे, "कागद चावल्यावानी लागतंय." सोलापूरला डॉक्टरला दाखवलं. सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. चव परत येईल, पण नेमकी कधी ते सांगता येत नाही, तोवर चव लागो न लागो, पोटात अन्न गेलं पाहिजे, असं डॉक्टर म्हणाले. सांगायला काय जातंय! ज्या माणसानं जन्मभर चवीसाठी खाल्लं त्याला औषधासारखं जेवायला लावणं काय असतं, ते मला विचारा. लिंबाची फोड दिली तर नुसते दात आंबले. लोणचं दिलं तर म्हणाले, नुसतंच झोंबतंय. सदरा खांद्यावरून उतरायला लागला. शेतात जाणं बंद झालं. दिवसभर परसात बाजेवर उन्हाला पडून राहायचे.

मग मी ठरवलं, इकतची भाजी नको ना, घरचीच खायला घालते. आमचं परस तसं मोठं आहे. मोरीचं पाणी जिकडं जातं तिकडं चार वाफे केले. मेथी, शेपू, पालक, कोथिंबीर टाकली. कडेनं कांदे टोचले पातीसाठी. यातलं मला काही येत नव्हतं. माहेरी आमची शेती म्हणजे कुंडीतली तुळस. धने रगडून दोन फाकी करून टाकायचे असतात, तेही काकूंनी सांगितलं तेव्हा कळलं. थंडी चांगली पडली आणि भाजी अशी तरारून आली की मी सकाळी उठून आधी वाफे बघायची, मग चहा. पहिली मेथी उपटली त्या दिवशी शाळेत सगळ्या बाईंना सांगत सुटले. माझी मेथी, माझा शेपू. मुलांनीसुद्धा ओळखलं असेल की आज बाई चिडणार नाहीत.

ती मेथी मी मामांना वाढली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि केवळ माझ्या समाधानासाठी मान हलवली. यापेक्षा ते कागद म्हणाले असते तर परवडलं असतं. शेपूचंही तेच. आख्ख्या गल्लीत वास सुटला होता, आणि त्यांना काहीच नाही.

आमच्याकडं मार्गशीर्ष अमावस्येला येळवस असते. त्या दिवशी सगळं घर शेतात जातं, कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे असं जेवण पंगतीला बसून होतं. भज्जी म्हणजे त्या हंगामात रानात जे जे हिरवं असेल, ते एकत्र शिजवलेलं. मामा तिच्या तीन-तीन वाट्या संपवायचे आणि वर चौथी मागून घ्यायचे. यंदा त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि ताट सरकवलं. पाव्हण्यांनी आग्रह केला तर म्हणाले, "उगं अन्न कशाला खराब करता माझ्यापायी." रात्री नवरा मला म्हणाला, "आबा खचले गं." तोवर हे मीच मनात म्हणत होते. आता घरात दोघं म्हणणारे झाले.

मग त्यालाच आठवलं. "आबांना हरभऱ्याची भाजी फार आवडती. आई करायची. थंडीत आठवड्यातून दोनदा तरी लागायचीच त्यांना." यंदा पाऊस लांबला होता, त्यामुळं वरच्या तुकड्यातला हरभरा मागास होता. अजून फूल लागलं नव्हतं. कोवळे शेंडे खुडून त्यांची भाजी करतात आणि खुडल्यानं झाड आणखी फुटतं, एवढं मला ऐकून माहीत होतं. केली मात्र कधीच नव्हती. सासूबाई होत्या तोवर त्याच करायच्या आणि मी आयती खायची.

रविवारी अकराच्या सुमाराला मी एकटी शेतात गेले, ओटीभर शेंडे खुडून आणले. घरी आल्यावर नीट निवडले आणि धुतले. एक पाणी, दोन पाणी, तीन पाणी. मग डाळ घालून शिजवले, लसणाची फोडणी दिली, दाण्याचं कूट घातलं. दिसायला झकास झाली होती. मामा ताटावर बसले. हरभऱ्याची म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा उजळला, ते मी पाहिलं. त्यांनी घास घेतला, बराच वेळ चघळला. मग हळूच ताट पुढं सारून म्हणाले, "गवत."

काय झालं मला कोण जाणे. डोक्यात तिडीकच गेली. "गवत?" मी म्हटलं. "भर उन्हात खुडत बसले ते गवतासाठी? नका खाऊ! मी काय काय करायचं अजून? खायचंच नसलं तर तसं सांगा एकदाच!"

म्हणून बसले आणि जीभ चावली. कधी त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता. मामा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. हात धुऊन उठताना ते एवढंच म्हणाले, "तुझी चूक न्हाय पोरी. आता हरभरा बी लागंना म्हंजी झालं माझं. ही अखेरची आशा हुती." आणि जाऊन बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडले. मी मोरीत भांडी घासत रडले. स्वतःची अशी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. आजारी माणसाच्या अंगावर मी ओरडले होते, आणि तेही भाजीसाठी.

संध्याकाळी काकू आल्या. पायरीवर बसत म्हणाल्या, "तोंड का सुजलंय गं?" मी सगळं सांगितलं, ओरडले तेही सांगितलं.

"कशी केलतीस भाजी?"

"निवडली, धुतली, मग डाळ..."

"थांब. धुतली?"

"तीन पाण्यांत."

काकूंनी कपाळाला हात लावला आणि मग हसत सुटल्या. भिंत धरून हसत होत्या. मला राग यायला लागला तेव्हा कुठं थांबल्या. "अगं बया, हरभऱ्याची भाजी धुत्यात व्हय कुणी? सगळी आंब गेली की पाण्यात! मग गवतच ऱ्हायलं. मामा काय खोटं बोलले?"

मग त्यांनी सांगितलं. हरभऱ्याच्या पानावर आंबट खार असतो, त्याला आंब म्हणतात. थंडीच्या दिवसांत पहाटेच्या दहिवरात, म्हणजे दवात, तो चांगला धरतो. जुनी माणसं रात्री पिकावर जुन्या कापडाचं धडपं अंथरून ठेवायची आणि सकाळी ते पिळून आंब बाटलीत भरून ठेवायची, पोटदुखीवर द्यायला. भाजी खुडायची ती सकाळी लवकर. धुवायची नाही, नुसती झटकायची.

"मग मामांना हे माहीत नव्हतं? मला सांगायचं की त्यांनी!"

"गडी माणूस तो. जलमभर हरभरा पेरला त्यानं, पर चुलीपुढं कधी बसला व्हता का? तू धुतीस का न्हाय, त्याला काय ठावं." मग काकू जरा गंभीर झाल्या. "उद्या सकाळी चल माझ्याबरं. दोन-चार रोजात फुलं लागतील, मग भाजी सरली."

"फवारणी केलेली असेल ना पण?"

"वरच्या तुकड्यात न्हाय केली अजून. मालकाला इचार तुझ्या."

विचारलं. नव्हती केली. रात्री मी आईला फोन केला, तर ती तिकडून ओरडलीच, "धुतल्याबिगर? आजारी माणसाला? अगं अंबाबाई, शिकलेली ना तू?" तिचं म्हणणंही खरंच वाटत होतं. न धुतलेली पालेभाजी मी जन्मात कधी शिजवली नव्हती. पण धुऊन काय झालं ते दुपारीच बघितलं होतं.

सकाळी भाकरी थापून ठेवल्या आणि झुंजूमुंजूला काकू आणि मी निघालो. थंडी मी म्हणत होती. रानात पाऊल टाकलं आणि साडीचा काठ ओलाचिंब झाला, पायाला चुणचुण लागली. हरभरा दहिवरानं पांढुरका दिसत होता. काकूंनी नखांनी शेंडे कसे खुडायचे ते दाखवलं, वरची दोन बोटं तेवढीच. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता बोटं चाट." मी इकडंतिकडं पाहिलं आणि चाटली. बाई गं! काय सांगू. आंबट, खारट, आणि त्याखाली हिरवा, कच्चा असा एक वास, जो मी त्याआधी कधी घेतलाच नव्हता. इतकी वर्षं मी या घरात राहते, या शेतातलं खाते, आणि हे मला आजवर ठाऊक नव्हतं! मी तिथंच हसायला लागले. काकू म्हणाल्या, "बघा, मास्तरीणबाईला शाळेत घातली म्या."

घरी आले तेव्हा नवरा डबा घेऊन निघून गेला होता. मी भाजी झटकली, पुन्हा झटकली, एकेक शेंडा उजेडात धरून बघितला. हात दोनदा पाण्याच्या घागरीकडं गेला, तो मागं घेतला. डाळीबरोबर शिजवली, त्याच पाण्यात घोटली, थोडं बेसन लावलं, लसूण आणि हिरव्या मिरचीची फोडणी. मामांना हाक मारली. ते यायला तयार नव्हते. मी बाजेपाशी जाऊन म्हटलं, "मामा, काल मी फार बोलले. माझं चुकलं. आजच्या दिवस माझ्यासाठी बसा, उद्यापासून आग्रह करणार नाही."

ते उठले. मी ताटात भाजी वाढली, बाजूला अर्धी भाकरी ठेवली आणि तव्याजवळ पाठ करून उभी राहिले. मला बघवत नव्हतं.

मागं भाकरी मोडल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "ही कुठल्या तुकड्यातली?"

"वरच्या."

"व्हय." ते म्हणाले. "आंब हाय."

मी वळले. ते खात होते. खाली मान घालून, घासामागून घास. बोटं चाटत होते, तोंडातलं संपायच्या आत पुढचा घास मोडत होते. डॉक्टर म्हणतील, चव तेवढ्या दिवसांत आपोआप यायचीच होती. म्हणोत. मी जे पाहिलं ते पाहिलं. ताटातली भाजी संपली, अर्धी भाकरी संपली. त्यांनी ताट पुढं केलं.

"भाजी घाल. आन् भाकरी."

भाजी घातली. टोपलीत माझ्यासाठी ठेवलेली अर्धी भाकरी होती, ती वाढली. तीही संपली.

"आनिक एक वाढ."

मी टोपलीवरचं फडकं उचललं आणि तशीच उभी राहिले. टोपली रिकामी होती. त्यात काही नाही हे मला फडकं उचलायच्या आधीच माहीत होतं. दिवाळीपासून मी रोज तीनच भाकरी करत होते. दोन नवऱ्याच्या डब्यात, एक माझी. माझ्यातलीच अर्धी रोज मामांच्या ताटात ठेवायची, ती परत आली की मी खायची. वाया जाते म्हणून त्यांच्या वाटणीची भाकरी मी थापणंच सोडून दिलं होतं, आणि हे कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

मामांनी टोपलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांना कळलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला ते स्पष्ट दिसलं. शाळेची वेळ होऊन गेली होती. मी डबा उघडला, परातीत ज्वारीचं पीठ घेतलं, पाणी घातलं आणि मळायला लागले. डोळ्यांतलं पाणी पिठात पडू नये म्हणून तोंड बाजूला करावं लागत होतं.

"मामा, किती करू?" मी कसंबसं विचारलं.

"दोन कर," ते म्हणाले. ताटावर हात धरून, मांडी घालून ते नीट बसले. "आन् सावकाश कर पोरी. मला काय घाई न्हाय आता."