लांब बाह्यांचं पोलकं

लोणारच्या खाऱ्या तळ्यात हात बुडवला की कोड जातं, असं कुणीतरी आमच्या अण्णांच्या डोक्यात भरवलं होतं. आक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, उजव्या मनगटावर रुपयाएवढा पांढरा डाग उठला होता. सुपारी फुटलेली, स्थळ तिसगावचं, लग्न वैशाखात. डागाचं तिकडं कळलं की संपलं सगळं! म्हणून आईनं तिला मनगटापर्यंत लांब बाह्यांचं पोलकं शिवलं आणि अण्णांनी शेवगावच्या स्टँडवरून भाड्याची जीप ठरवली. कुणी विचारलंच तर देवीचा नवस फेडायला चाललोय म्हणायचं, असं आम्हा दोघींना पुन्हा पुन्हा बजावलं.

एवढी हुशारी केली, पण ड्रायव्हर कुठल्या गावचा ते काही विचारलं नाही.

पैठण मागं पडलं, बोलता बोलता अण्णांच्याच तोंडून तिसगावच्या सोयरिकीचं निघून गेलं, तसा तो गडी खुलला. "आवो, मी तिसगावचाच की! नवरदेवाच्या घराला लागून घर हाय आमचं. म्हंजी ह्या आमच्या वहिनीच झाल्या!"

अण्णांचं तोंड बघवेना. आक्कानं बाही पार बोटांपर्यंत ओढली.

मग त्याचं जे सुरू झालं! वहिनी, धूळ लागतीय का? वहिनी, चहाला थांबू का? माणूस वाईट नव्हता हो, तीच तर पंचाईत. वाईट असता तर झापला तरी असता. जालन्याला एका हॉटेलात मिसळ मागवली, तर हा बरोब्बर आक्काच्या समोर बसला. पहिल्याच घासाला रस्सा तिच्या मनगटावर ओघळला.

"वहिनी, बाही घ्या की वर, डाग पडंल."

"ऱ्हाऊ द्या. थंडी वाजतीय मला."

चैत्राचं ऊन, डोक्यावर तापलेला पत्रा, आणि हिला म्हणे थंडी! तो हसला, आणि मग जरा जास्तच वेळ तिच्या बाहीकडं बघत राहिला.

लोणारला पोचलो तेव्हा अण्णा त्याला म्हणाले, "तुमी वर जीपपाशीच थांबा."

"आसं कसं? देवीला मीबी येतो की."

डोंगराच्या कढईत उतरावं तसं खाली उतरलो. हिरवं पाणी, सोड्याचा उग्र वास. अंगाला खरूज-नायटे असलेल्या बाया बिनधास्त पाण्यात बसल्या होत्या. त्यांचा मला हेवा वाटला. अण्णांनी त्याला देवळात बोलण्यात गुंतवलं आणि आम्ही दोघी काठाशी धावलो. आक्कानं बाहीच्या बटणाला हात घातला, तोच मागून हाक, "वहिनी, जपून! चिखल हाय!" तो आला आणि आमच्यामागंच उभा राहिला. एवढ्या लांबून येऊन आक्काचा हात कोरडाच राहिला. असा संताप आला म्हणून सांगू! त्याचा, अण्णांचा, त्या मेल्या पाण्याचासुद्धा.

वर गावात एका खानावळीत जेवायला शिरलो. दुष्काळाचं साल, रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरी, आणि हात धुवायला चौघांत एक तांब्या. तो ड्रायव्हरनं उचलला. अण्णांच्या हातावर घातलं, माझ्या हातावर घातलं.

"वहिनी, हात करा पुढं."

आक्कानं बटण काढलं. बाही कोपरापर्यंत सारली आणि हात त्याच्यापुढं धरला.

"पोरी!" अण्णा ओरडले.

"बास झालं अण्णा. लग्न झाल्यावर काय जल्मभर थंडीच वाजत ऱ्हानार व्हय मला?" मग त्याच्याकडं बघून म्हणाली, "नीट बघा. तिकडं काय सांगायचं ते सांगा."

तांब्या त्याच्या हातात तसाच राहिला. मग त्यानं सावकाश पाणी घातलं, अगदी डागावरूनच घातलं.

"धुवा, ताई," तो म्हणाला.

सकाळपासून वहिनी वहिनी करणारा माणूस! अण्णा मटकन बाकावर बसले. तिसगावचा निरोप पुढं यायचा तेव्हा आला, पण लग्न मोडलं ते तिथंच, त्या तांब्यापाशी. अण्णांनी भाकरीला हात लावला नाही. मी रडत होते. आक्का मात्र बाही तशीच वर ठेवून जेवली, आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.