दादाच्या पानथऱ्या

दादा गेला त्या दिवशी मी बारामतीत वर्गावर होते. शेळगावात बांधावर ट्रॅक्टर उलटला. फोन वहिनीनं केला.

त्याच्या पोटाची गोष्ट त्याआधीची. जेवल्यावर दुखायचं, म्हणून मी त्याला आणि वहिनीला बारामतीला सोनोग्राफीला नेलं. डॉक्टरांनी डाव्या बरगडीखाली यंत्र फिरवलं, दादाला कुशीवर वळवलं, श्वास धरायला लावला, पुन्हा फिरवलं. मग विचारलं, प्लीहा, म्हणजे पानथरी, कधी ऑपरेशन करून काढली आहे का? दादा नाही म्हणाला. वहिनी कोपऱ्यातून म्हणाली, "आवं, कुठं इकली तर न्हाय ना?"

डॉक्टर हसले नाहीत. उजवीकडे त्यांना काही गोळे दिसत होते. त्या गाठी आहेत की आणखी काही, हे सीटी स्कॅनशिवाय सांगता येणार नाही, म्हणाले.

स्कॅनच्या दिवसापर्यंत मी वाचत बसले, आणि वाचेन तितकी घाबरत गेले. दादा मला नोकरी लागायच्या कितीतरी आधीपासून मास्तरीण म्हणायचा. त्यानं माझं तोंड बघूनच ओळखलं. चेष्टा न करता त्यानं मला कधी काही विचारलं असेल, तर ते तेव्हाच.

"मास्तरीण, कॅन्सर हाय का? पुस्तकात काय लिवलंय ते सांग."

माहीत नाही, म्हटलं.

"मग वाचतीस कशाला?"

स्कॅनच्या वेळी शिरेतून औषध सोडलं. पानथरीत ते जसं पसरतं तसंच त्या गोळ्यांत पसरलं. त्या गाठी नव्हत्या. पानथऱ्याच होत्या, जन्मापासून एकीच्या अनेक झालेल्या, आणि जठरासकट उजवीकडे बसलेल्या. त्यांचा त्रास काही नाही, फक्त पुढे कधी ऑपरेशन करायची वेळ आली तर आधी सांगा, असं डॉक्टर म्हणाले. दुखणं पित्ताचं निघालं, ते औषधानं थांबलं.

यातली मूळची कुठली, असं दादानं विचारलं. मूळची अशी कुठलीच नसते, डॉक्टर म्हणाले.

"म्हंजी निस्तं फुटवंच."

उसाला फुटवे भरपूर आले की तो खूश व्हायचा, आता स्वतःवर झाला. वहिनीचं मत वेगळं होतं. एक धड काम करीना म्हणून देवाला जास्त द्याव्या लागल्या असतील. दादानं तेही गावभर सांगितलं. लग्नाच्या पंगतीत तो वाढप्याला थांबवून जिलबी जास्त मागायचा, आत खाणारी तोंडं जास्त आहेत म्हणून. तूही तपासून घे, असा माझ्या मागे लागायचा. मी टाळत राहिले.

तो गेल्यावर गेले. वहिनी सोबत आली. डॉक्टरांनी डावीकडे यंत्र ठेवलं आणि लगेच पडद्यावर दाखवली. वहिनीनं नीट निरखून पाहिलं.

"एकच? वन्सं, तुमी तितंबी काटकसरीच."

दोघी हसलो. ती मग बराच वेळ पडद्याकडेच बघत होती.

ऊस आता वहिनी बघते. शनिवारी मी शेळगावला जाते. घरात आम्ही दोघी असतो.