गळ्यातला फुगवटा

आमचे दशरथमामा पालखीपुढे तुतारी फुंकतात. फुंकताना त्यांच्या गळ्याच्या उजव्या बाजूला लिंबाएवढा फुगवटा येतो. गावात त्याला दमसासाची खूण मानतात. नवीन तुतारीवाल्याला आधी मामांच्या गळ्याला हात लावून नमस्कार करायला सांगतात. फुगवटा कधी दुखला नाही, म्हणून कुणी डॉक्टरला दाखवलाही नाही.

यंदा मामांचा आवाज बसला तो सुटेचना. डॉक्टर म्हणाले, "स्वरयंत्राजवळ हवेची पिशवी आहे. बहुतेकदा त्यात काही वाईट नसतं. पण कधी कधी तिच्या तोंडाशी कॅन्सरची गाठ दडलेली असते. दुर्बिणीनं बघावं लागेल."

"माझा दम आहे तो!" मामा घोगऱ्या आवाजात ओरडले. तिथून पालखीलाच जायचं होतं, तुतारी माझ्या हातात होती. ती हिसकावून त्यांनी दवाखान्याच्या दारातच अशी फुंकली की कबुतरं भेदरून उडाली. मामांच्या डोळ्यांत रक्त उतरलं.

मला वाटायचं, जीव घेणारा आरडाओरडा करत येतो. हा तर आपल्याच श्वासावर पोसला गेला असेल, आणि आम्ही त्याला हात लावून नमस्कार करत होतो.

मामांनी तुतारी खाली घेतली. माझा हात खेचून गळ्यावर दाबला.

"सांग, आत कोण आहे?"