आमटीतलं मीठ

‘कुटुंबाचा आधार हेच सर्वश्रेष्ठ औषध’ असं इस्पितळाच्या जिन्यात सोनेरी अक्षरांत लिहिलेलं आहे. बाकीची औषधं तळमजल्यावर मिळतात.

माझी भाची केतकी चोवीस वर्षांची आहे. चार केमो झाले. या सोमवारी डॉक्टर म्हणाले, गाठ कमी झालेली नाही, दुसरं औषध देऊन बघू. ‘बघू’ म्हणताना ते खिडकीकडे बघत होते.

आम्ही घरी आलो आणि ताई स्वयंपाकाला लागली. तिचा सोमवारचा उपास जुना आहे, आणि उपासाच्या दिवशी आमटी चाखून सांगायचं केतकीचं कामही तितकंच जुनं. केमोपासून केतकीच्या जिभेला सगळं पत्र्यासारखं लागतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी ताईने तिच्या तळहातावर पळीतली आमटी घातली.

“मीठ बघ गं.”

केतकीने चाखलं, डोळे मिटून विचार केला. “जास्त झालंय, आई. बाबांच्या बीपीचा तरी विचार करत जा.”

“बरं बाई, उद्यापासून हात आवरीन.”

माणसाचं शेवटचं कामही काढून घेतलं की मागे नुसता रोगी उरतो. आधार म्हणतात तो बहुधा एवढाच असावा. त्याने गाठ कमी होत नाही.

जेवताना भावोजींनी पहिला घास घेतला, थोडं थांबले, मग पाण्याचा पेला उचलला. “हो गं, खारट झालीय खरी.”

मी दोन वाट्या प्यालो. आमटीत मीठ घातलेलंच नव्हतं.