उलट्या आट्यांचा बोल्ट

आम्ही कॉलेजवाले चौघं जमलो की कुणाला स्वतःचे मार्क आठवत नाहीत, फक्त राणेसर आठवतात! परवा मुलुंडला शोभाकडे बसलो, तर तेच. एकाने सुरुवात केली की दुसरा गप्प बसतोय थोडाच!

राणेसर आमचे वर्कशॉपचे प्रोफेसर. गाव मालवणकडचं, बोलणं थेट तोंडावर. त्यांची एक पद्धत होती. बिघडलेला जॉब, म्हणजे आम्ही घडवायला घेतलेला लोखंडाचा तुकडा, भंगारात जायचा नाही. सर त्यावर पांढऱ्या पेंटने बिघडवणाऱ्याचं नाव घालायचे आणि दाराजवळच्या काचेच्या कपाटात मांडायचे. येणारा-जाणारा बघणार! पहिल्याच महिन्यात माझे दोन जॉब आत गेले. आमचा टॉपर, अंधेरीचा दीक्षित, खो खो हसला. पुढच्या आठवड्यात त्याचाही गेला, तोही वरच्या खणात!

* * *

एकदा मी लेथवर लोखंड कातत होतो. सर मशीनकडे पाठ करून चहा पीत होते. तिथूनच ओरडले, "मेल्या, टूल बोथट झालंय!"

"सर, तुम्ही बघितलं पण नाही!"

"मशीन मघापासून बोंबलतंय. तुका ऐकाक येणा नाय?"

आजही प्लांटमध्ये शिरलो की मी आधी दोन मिनिटं नुसता ऐकतो. लोकांना वाटतं, साहेब विचारात आहेत.

* * *

शोभा कांबळे म्हणजे बॅचमधली एकटी मुलगी. विक्रोळीच्या चाळीतली, वडलांची गिरणी बंद पडलेली. पहिल्या दिवशी इन्स्ट्रक्टर म्हणाला, "तू जर्नल लिही, जॉब मी करून देतो." सरांनी येऊन तिच्या हातात कानस दिली.

"घास. लोखंडाला कळत नाही कोण घासतंय."

* * *

तिसऱ्या वर्षी शोभाने बोल्टला आटे पाडले आणि नट चढेचना. लेथचा लिव्हर उलटा टाकलेला, सगळे आटे उलटे! बिचारी रडायला लागली.

सरांनी आट्यांवरून बोट फिरवलं. "झकास आलेत गो! दिशा तेवढी चुकली. परत कर."

दुसरा बोल्ट पास झाला. पहिला कपाटात.

* * *

शेवटच्या दिवशी सर कपाट उघडून ज्याचा जॉब त्याला परत द्यायचे. शोभा म्हणाली, "सर, आमच्या विक्रोळीतच एका कारखान्यात इंटरव्ह्यू आहे. घरचे सगळे त्याच्यावरच आस लावून बसलेत. शिफारशीची चिठ्ठी द्याल?"

सरांनी तिच्या हातात बोल्ट ठेवला. "ह्यो दाखव."

"सर, माझी चूक दाखवू?"

"मग काय सर्टिफिकेट? ती सगळ्यांकडे असतात."

बाहेर आल्यावर दीक्षित म्हणाला, "वाट लागली हिची!" खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं होतं.

* * *

आता इंटरव्ह्यू. समोर पिकल्या केसांचे मोठे साहेब. कागद चाळून म्हणाले, "मार्क उत्तम आहेत. पण शॉपफ्लोअरवर, मशीनवर आम्ही मुली घेत नाही."

शोभा सांगते, तिने सरळ पर्समधून बोल्ट काढून टेबलावर ठेवला. "सर, हा मी बिघडवलाय. कशामुळे, ते सांगते. आणि पुन्हा तशी चूक केलेली नाही."

साहेबांनी बोल्ट उचलला, फिरवला, पांढऱ्या पेंटमधलं नाव वाचलं. मग त्यांनी टेबलाचा खण उघडला, आतून लोखंडाचा एक वाकडातिकडा घासलेला तुकडा काढला आणि बोल्टशेजारी ठेवला. त्यावर पुसट झालेल्या पांढऱ्या पेंटमध्ये साहेबांचं नाव होतं.

"सोमवारी सकाळी सातला या. शॉपफ्लोअरवर."

शोभा उठून दारापर्यंत गेली, तेव्हा मागून साहेबांनी विचारलं,

"सर अजून मशीनकडे पाठ करूनच चहा पितात का हो?"