कडूबाई, बंकट आणि काठीचा वैरी भुऱ्या

पाटोद्याच्या डोंगरपट्ट्यात निजामाचा अंमल होता, तेव्हाची ही गोष्ट. मानमोडीच्या तापाची साथ येऊन गेल्याला थोडीच वर्षं झाली होती. त्या साथीत नवरा गेला आणि कडूबाई भावाच्या, बंकटच्या, मेंढवाड्यावर राहायला आली. मी तिला पाहिलेलं नाही. माझे पणजोबा अर्जुनराव यांनी पाहिलं होतं. ते सहसा कुणाचं कौतुक करत नसत, पण कडूबाईचा विषय निघाला की आवाज खाली आणून बोलत, असं वडील सांगायचे.

सुगी आटोपली की धनगर आमच्या शिवारात उतरत. मोकळ्या रानात वाघूर लावायची, म्हणजे मेंढरांभोवती जाळी उभी करायची, आणि जागा बदलत बदलत कळप बसवायचा. लेंड्यांनी रान खतवलं जाई आणि धनगरांना ज्वारी मिळे. त्या वर्षी बंकटचा वाडा अर्जुनरावांच्या रानात होता.

वाड्याची राखण भुऱ्या नावाच्या कुत्र्याकडे होती. डोळे उघडायच्या आत कडूबाईनं त्याला कोकरांत सोडलं होतं. मेंढीच्या दुधावर तो वाढला, मेंढरांच्या उबेत झोपला. डोंगरातले लांडगे त्याचा वास आला तरी पलीकडून निघून जात.

या कुत्र्याला वळण कसं लावावं, यावर मात्र वाड्यात एकमत नव्हतं. बंकटच्या मते धाक नसलेलं कुत्रं कामाचं नाही. चूक झाली की तो काठी घाली. या भावंडांचे म्हातारे मामा, म्हाळूमामा, बंकटच्या अगदी उलट. ते भुऱ्याला गोंजारत आणि आपल्या ताटातली भाकर टाकत. कडूबाईला दोन्ही पसंत नव्हतं. ती म्हणायची, "मार खाल्लेलं कुत्रं मालकाला भितं, आन लाडावलेलं कुत्रं मालकालाच मेंढरू समजतं." भुऱ्या भाकरीवर झेपावला तर ती ओरडायची नाही आणि हातही मागे घ्यायची नाही. नुसती उभी राहायची. तो आपसूक खाली बसला की मग तुकडा त्याच्यापुढे जायचा.

एके सकाळी अर्जुनराव काठी घेऊन रान बघायला गेले आणि भुऱ्यानं त्यांचं मनगट फोडलं. आठवड्यापूर्वी त्यानं त्यांच्या सालगड्यालाही धरलं होतं. अर्जुनरावांनी रक्त पुसलं आणि तिथंच फैसला सांगितला. "परवा सकाळी मी येणार. हीच काठी घेऊन येणार. कुत्रं आडवं आलं तर ते मरंल, आन तुमचा वाडाबी उठंल."

वाडा उठवून जायला जागा नव्हती. आसपासची रानं दुसऱ्या कळपांनी धरली होती, आणि मेंढ्या व्यायला लागल्या होत्या. भुऱ्याशिवाय नवी कोकरं लांडग्यांच्या तोंडी जाणार, हे पोरालाही कळत होतं. तरी बंकट म्हणाला, आजच कुत्र्याचा निकाल लावू. म्हाळूमामांनी गूळभाकर खाऊ घालायचा सल्ला दिला.

कडूबाईनं वेगळाच प्रश्न काढला. शेणी वेचायला बाया येतात, टोपली घेऊन मेंढरांतून जातात, त्यांच्यावर भुऱ्या कधी गुरगुरला का? नाही. मग सालगड्याच्या हातात काय होतं? मालकाच्या हातात काय होतं?

"काठी," बंकट म्हणाला.

"तू उगारलीस म्हनून काठी त्याची वैरी झाली, बाबा."

बंकट तिलाच म्हणाला की परवा तूच त्याच्यापुढे उभी राहा. तिनं नकारार्थी मान हलवली. ती दिवसभर कोकरांपाशी असे, कुत्रं बंकटबरोबर रानात. ती एक दिवस उभी राहिली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं असतं.

मग तिनं भावाला मेंढरांच्या मधोमध उभं केलं. धनगर काठीवर दोन्ही हात ठेवून रेलून उभा राहतो, तसं. भुऱ्यानं काठी पाहिली आणि दात काढले. बंकटचा हात वर जायला लागला की ती बाजूनं एवढंच म्हणे, "टेक." कुत्र्याकडे बघू नको, मेंढरांकडे बघ, तुझं काम कर, असं तिनं सांगितलं होतं. बंकटच्या कपाळावर घाम फुटला. भुऱ्या त्याच्याभोवती फिरून फिरून शेवटी लांब जाऊन पडला.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला काठी टेकत कळपातून चालायला लावलं. काठी उचलायची नाही, आवाज चढवायचा नाही, मागे सरायचं नाही. दुपारपर्यंत बंकट वैतागला.

"आक्का, कुत्र्याला शिकिवतीस का मला?"

"ज्याला कमी कळतंय, त्याला आदी."

म्हाळूमामा हसता हसता खोकले. पुढच्या फेरीला मात्र बंकटचे खांदे सैल होते, आणि भुऱ्या त्याच्या मागोमाग चालू लागला.

ठरल्या सकाळी अर्जुनराव आले. बांधावर माणसं जमली होती. भुऱ्या उठला, पाठीवरचे केस उभे राहिले. कडूबाई जाळीजवळ कोकरू मांडीवर घेऊन बसली होती, ती जागची हलली नाही. बंकट काठी टेकत गेला आणि कुत्र्याकडे पाठ करून दोघांच्या मधे उभा राहिला.

"मालक, काठी टेका. उचलू नका."

अर्जुनरावांना त्यांच्याच रानात असा हुकूम कुणी दिला नव्हता. ते खडसावणार होते. पण त्यांची नजर भुऱ्याकडे गेली, आणि भुऱ्या त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो बंकटकडे बघत होता. अर्जुनरावांनी काठी जमिनीला टेकवली.

"बस," बंकट मागे न वळता हळूच म्हणाला.

भुऱ्या बसला. मग बंकटनं मालकांना मेंढरांतून पार पलीकडे नेलं. भुऱ्या उठून मागे आला. ज्यानं परवा रक्त काढलं होतं, त्याचा ऊन श्वास आपल्या पोटरीला लागत होता आणि तरी आपल्याला भीती वाटली नाही, हे सांगताना पणजोबा म्हातारपणीही थांबत. अंगावर काटा आलेला हात वडिलांना दाखवत.

त्यांनी कडूबाईला विचारलं, ह्याला काय घातलंस?

"त्याला काई न्हाई घातलं, मालक. भावाला मातर लई बोलले."

वाड्यातला वाद काही मिटला नाही. म्हाळूमामा म्हणत, मी चोरून गूळ दिला त्याचा गुण. बंकटचं म्हणणं, आधी धाक बसला होता म्हणूनच पुढचं जमलं. खरं कोणाचं, ते मी ठरवू शकत नाही. पण मेंढरांत काठी टेकून उभा असलेला माणूस आणि त्याच्या पाठीशी बसलेलं ते दांडगं जनावर, हे शंभर माणसांनी पाहिलं.

अर्जुनरावांनी माफीचा शब्द काढला नाही. विहिरीलगतचं काळं कसदार रान त्यांनी आजवर कुठल्याच धनगराला दिलं नव्हतं. त्याकडे हात करून ते म्हणाले, "उद्यापासनं वाघूर तिकडं लावा."

कडूबाईनं कोकरू आईपाशी सोडलं, पदर खोचला आणि जाळीचा पहिला खुंटा उपटला.